अभिसरणाच्या कसोट्या आणि आबेल यांचा नकार : एक चिकित्सक पुनर्वाचन

अनंत श्रेढी अभिसारी आहे की अपसारी, हे ठरविण्याच्या कसोट्यांचे प्रकरण वास्तव विश्लेषणाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि ते बहुधा एकाच क्रमाने लिहिलेले असते. प्रथम तुलना कसोटी, मग गुणोत्तर कसोटी, मग मूळ कसोटी, त्यानंतर राबे यांची, लॉगॅरिदमची आणि कधीकधी गाउस यांची. प्रत्येक कसोटीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : सीमा १ आल्यास ही कसोटी निर्णय देत नाही. पुढची कसोटी या अनिर्णीत प्रदेशात थोडी आत शिरते आणि तीही कोठेतरी थांबते. या मांडणीतून विद्यार्थ्याच्या मनात एक समजूत नकळत घर करते. ती अशी की, या जिन्याला शेवटची पायरी असणारच. ती आपल्या अभ्यासक्रमात नसली तरी वरच्या वर्गात किंवा एखाद्या जाड ग्रंथात असेल. शिक्षकही ही समजूत क्वचितच मोडतात, कारण प्रश्नपत्रिकेत येणाऱ्या श्रेढी पहिल्या तीन-चार पायऱ्यांवरच निकालात निघतात.

अशी शेवटची पायरी नाही, याचा पहिला नि:संदिग्ध पुरावा १८२८ साली बर्लिनच्या 'क्रेल' नियतकालिकाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक होते नॉर्वेजियन गणिती नील्स हेन्रिक आबेल (१८०२–१८२९). मजकूर अवघ्या काही पृष्ठांचा असून त्याचे निमित्तही किरकोळ होते : त्याच नियतकालिकाच्या आदल्या खंडातील एका लेखाला दिलेले ते उत्तर होते. त्या टिपणाचे पुनर्वाचन करणे, त्यात नेमके काय सिद्ध झाले व काय झाले नाही हे वेगळे करणे आणि उत्तरकालीन ग्रंथांनी व अध्यापनाने त्याचा जो अर्थ लावला (किंवा लावला नाही) त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी आधी थोडे. 'श्रेढी' हा शब्द आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील श्रेढीव्यवहारापासून रूढ आहे. तेथील श्रेढीला आदी असतो, चय असतो आणि गच्छ, म्हणजे पदांची संख्या असते. अनंत श्रेढीला गच्छच नाही. म्हणूनच 'बेरीज' हा शब्द तेथे सरळ अर्थाने वापरता येत नाही. आंशिक बेरजांची सीमा अस्तित्वात असेल तरच तो वापरायचा, असा करार करावा लागतो. पुढील विवेचनात श्रेढीचे न-वे पद प(न), पहिल्या न पदांची आंशिक बेरीज ब(न) आणि नैसर्गिक लॉगॅरिदम 'लॉग' असे लिहिले आहे. विशेष उल्लेख नसेल तेथे सर्व पदे धन मानली आहेत.

ऑलिव्हिए यांचा दावा

हा करार काटेकोर शब्दांत मांडण्याचे श्रेय ऑगस्तँ-लुई कोशी यांच्या १८२१ सालच्या 'कूर दानालीझ' या पाठ्यग्रंथाकडे जाते. त्याच्या सहाव्या प्रकरणात अभिसरणाची व्याख्या आहे, अपसारी श्रेढीला बेरीज नसते हे ठाम विधान आहे आणि गुणोत्तर व मूळ या दोन्ही कसोट्या आहेत. आज ज्याला आपण कोशी निकष म्हणतो तोही तेथे आहे : पुरेसे पुढे गेल्यावर कितीही लागोपाठची पदे मिळवली तरी त्यांची बेरीज हवी तितकी लहान राहिली पाहिजे. हाच निकष प्रागमध्ये बेर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ मध्ये मांडला होता. तो पुरेसा का आहे, याची सिद्धता मात्र वास्तव संख्यांची रचना १८७२ च्या सुमारास डेडेकिंड व कँटर यांनी स्पष्ट करेपर्यंत अधांतरीच होती.

हा निकष परिपूर्ण आहे, पण व्यवहारात अडचणीचा आहे. तो वापरण्यासाठी अमर्याद लांबीच्या तुकड्यांचा अंदाज करावा लागतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्यास हवी असते ती केवळ न-व्या पदाकडे पाहून निर्णय देणारी कसोटी. न-वे पद शून्याकडे जाणे आवश्यक आहे पण पुरेसे नाही, हे चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी हरात्मक श्रेढीच्या उदाहरणाने दाखविले होते : १ + १/२ + १/३ + … या श्रेढीची पदे शून्याकडे जातात, बेरीज मात्र सर्व मर्यादा ओलांडते. मग पदे शून्याकडे 'किती वेगाने' गेली म्हणजे पुरेसे होईल? या प्रश्नाला १८२७ साली लुई ऑलिव्हिए यांनी 'क्रेल'च्या दुसऱ्या खंडात एक मोहक उत्तर दिले. न·प(न) हा गुणाकार शून्याकडे जात असेल तर श्रेढी अभिसारी, नसेल तर अपसारी. थोडक्यात, पद १/न पेक्षा निश्चितपणे लहान होत गेले पाहिजे. हरात्मक श्रेढी हीच सीमारेषा.

इतिहासलेखनात ऑलिव्हिए यांच्या वाट्याला बहुधा चुकीचे प्रमेय देणारा गणिती एवढीच ओळख येते. हे अन्यायाचे आहे. त्यांच्या विधानाचा अर्धा भाग एका अटीवर पूर्णपणे खरा आहे. पदे सतत घटत असतील आणि श्रेढी अभिसारी असेल, तर न·प(न) शून्याकडे जातेच. कारण प(न+१) पासून प(२न) पर्यंतची बेरीज निदान न·प(२न) इतकी असते आणि कोशी निकषानुसार ती बेरीज शून्याकडे जाते. घटत्या पदांची अट काढली की हेही कोसळते : न हा पूर्ण वर्ग असेल तेथे १/न आणि इतरत्र १/न² हे पद घेतले, तर श्रेढी अभिसारी राहते, पण न·प(न) असंख्य वेळा १ होते. ऑलिव्हिए यांचा प्रश्न मात्र योग्य होता आणि योग्य प्रश्नाला आलेल्या चुकीच्या उत्तरातूनच पुढचे सर्व गणित निघाले, ही नोंद पाठ्यपुस्तकांत यायला हवी.

आबेल यांचे टिपण

आबेल यांनी प्रथम एक प्रतिउदाहरण दिले. प(न) = १/(न·लॉग न) घ्या. येथे न·प(न) = १/लॉग न, आणि तो शून्याकडे जातो. ऑलिव्हिए यांच्या मते ही श्रेढी अभिसारी असायला हवी. प्रत्यक्षात ती अपसारी आहे. आज आपण हे समाकल कसोटीने किंवा कोशी यांच्या संघनन कसोटीने दोन ओळींत दाखवितो. आबेल यांची सिद्धता याहून साधी आहे आणि ती पदवीच्या वर्गात जशीच्या तशी शिकविता येते. क धन असेल तर लॉग(१+क) हे क पेक्षा लहान असते, एवढीच एक असमता ते वापरतात. तिच्यावरून लॉग(न+१) हे लॉग न आणि (१ + १/(न·लॉग न)) यांच्या गुणाकारापेक्षा लहान येते. दोन्ही बाजूंचे पुन्हा लॉग घेऊन तीच असमता परत लावली की लॉग लॉग(न+१) आणि लॉग लॉग न यांतील फरक १/(न·लॉग न) पेक्षा लहान असल्याचे दिसते. या असमता न = २ पासून पुढे मिळवत गेले की आंशिक बेरीज, एका स्थिर संख्येच्या फरकाने, लॉग लॉग(न+१) पेक्षा नेहमी मोठी राहते; आणि लॉग लॉग न, कितीही संथपणे का होईना, अनंताकडे जाते.

एक चूक दाखविणारे प्रतिउदाहरण देऊन टिपण येथेच थांबले असते, तर ते विसरलेही गेले असते. कारण ऑलिव्हिए लगेच म्हणू शकले असते की न ऐवजी न·लॉग न हा गुणक घ्या. त्यालाही प्रतिउदाहरण निघाले, तर न·लॉग न·लॉग लॉग न घ्या. आबेल यांचे मोठेपण असे की, त्यांनी ही सारी मालिका आधीच ओळखली आणि एकाच युक्तिवादाने ती बंद केली. त्यांचा दावा असा : प(न) ला गुणून निर्णय देणारे असे कोणतेही फलन फ(न) अस्तित्वात नाही की फ(न)·प(न) शून्याकडे गेले तर श्रेढी अभिसारी आणि न गेले तर अपसारी.

सिद्धता तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी एका पूरक प्रमेयाची : कोणतीही अपसारी श्रेढी घ्या व तिच्या प्रत्येक पदाला आधीच्या सर्व पदांच्या बेरजेने, म्हणजे ब(न–१) ने भागा, मिळणारी नवी श्रेढीही अपसारीच असते. (येथेही तीच लॉगची असमता पुरते : लॉग ब(न) व लॉग ब(न–१) यांतील फरक प(न)/ब(न–१) पेक्षा लहान असतो.) दुसरी पायरी : असे सर्वसमर्थ फ(न) आहे असे समजा. मग १/फ(न) ही पदे असलेली श्रेढी अपसारी ठरते, कारण फ(न) ने गुणल्यावर पद सतत १ राहते. तिसरी पायरी : या अपसारी श्रेढीला पूरक प्रमेय लावा. १/(फ(न)·ब(न–१)) ही पदे असलेली श्रेढीही अपसारी आहे. पण या पदाला फ(न) ने गुणले तर १/ब(न–१) उरते, आणि ब(न–१) अनंताकडे जात असल्याने ते शून्याकडे जाते. म्हणजे कसोटीनुसार ही श्रेढी अभिसारी हवी. विसंगती पूर्ण झाली.

या युक्तिवादातील गाभा पूरक प्रमेयात आहे. प्रत्येक अपसारी श्रेढीपासून तिच्याहून संथ अपसरण पावणारी दुसरी श्रेढी तयार करण्याची ती एक कृती आहे. हरात्मक श्रेढीला ही कृती लावली की न·लॉग न चे कुटुंब मिळते, त्याला लावली की न·लॉग न·लॉग लॉग न चे, आणि हे असेच कधीही न थांबता चालते. अपसरणाला 'सर्वांत संथ' असा प्रतिनिधी नाही. कसोटीचा शोध घेणारा जेथे सीमारेषा आखील, तिच्या पलीकडे आबेल यांची कृती आधीच पोहोचलेली असते.

आबेल यांच्या एकूण वृत्तीशी हे टिपण सुसंगतच आहे. जानेवारी १८२६ मध्ये बर्लिनहून आपले शिक्षक होल्म्बो यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अपसारी श्रेढींवर सिद्धता उभारण्याच्या प्रथेवर अतिशय कडक टीका केली होती. त्याच वर्षी द्विपद श्रेढीवरील प्रसिद्ध निबंधाच्या तळटिपेत, ज्यांच्या ग्रंथाविषयी त्यांना अपार आदर होता त्या कोशी यांच्याच एका प्रमेयाला अपवाद असल्याचे त्यांनी दाखवून दिले : संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज संतत असतेच असे नाही. एकसमान अभिसरणाच्या संकल्पनेकडे नेणारी वाट त्या तळटिपेतून निघते. (अपसारी श्रेढींचा त्यांना इतका तिटकारा होता, हे मात्र काळाने पुरते मान्य केले नाही. रामानुजन यांनी १९१३ साली हार्डी यांना लिहिलेल्या पत्रांत अपसारी श्रेढींना सांत मूल्ये दिलेली होती, आणि त्याच हार्डी यांचा 'डायव्हर्जंट सीरीज' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झाला. पण तो स्वतंत्र विषय आहे.)

नकार नेमका कशाला?

आबेल यांच्या टिपणाचा उल्लेख जेथे होतो तेथे तो बहुधा एका वाक्यात होतो : 'अभिसरणाची सार्वत्रिक कसोटी असू शकत नाही, हे आबेल यांनी सिद्ध केले.' या वाक्याविषयी प्रस्तुत लेखकाचा गंभीर आक्षेप आहे. हे वाक्य जसेच्या तसे घेतले तर ते असत्य आहे.

कोशी निकष आवश्यकही आहे आणि पुरेसाही. तो प्रत्येक श्रेढीला लागू होतो. याहून सार्वत्रिक कसोटी ती कोणती? तो 'कसोटी' नव्हे, केवळ व्याख्येचे रूपांतर आहे, असे कोणी म्हणेल. तर कुम्मर यांची कसोटी पाहावी. अर्न्स्ट कुम्मर यांनी १८३५ साली 'क्रेल'मध्येच ती दिली. धन संख्यांची एक साहाय्यक क्रमिका अ(न) घ्या. अ(न)·प(न)/प(न+१) वजा अ(न+१) ही राशी एखाद्या न पासून पुढे सतत एका धन संख्येहून मोठी राहिली तर श्रेढी अभिसारी. अ(न) = १ घेतले की गुणोत्तर कसोटी मिळते, अ(न) = न घेतले की राबे यांची, अ(न) = न·लॉग न घेतले की बर्ट्रां यांची. पाठ्यपुस्तकातील जवळजवळ अर्धा जिना या एकाच कसोटीत सामावतो.

आणि ही कसोटी खरोखरच सार्वत्रिक आहे. श्रेढी अभिसारी असेल, तर न-व्या पदानंतरच्या शेषाला, म्हणजे प(न+१) + प(न+२) + … या बेरजेला, प(न) ने भागून येणारी संख्या अ(न) म्हणून घ्या. मग वरील राशी प्रत्येक न साठी बरोबर १ येते. म्हणजे अभिसारी श्रेढी कोणतीही असो, तिचे अभिसरण सिद्ध करणारी साहाय्यक क्रमिका नेहमीच असते. अपसरणासाठीही असेच विधान करता येते. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडणारा जिंगचेंग टाँग यांचा छोटा लेख 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त १९९४ साली आला. अडचण दिसतेच आहे : ती क्रमिका लिहिण्यासाठी शेष माहीत हवा, आणि शेष माहीत असेल तर अभिसरणाचा प्रश्नच उरत नाही. कुलूप सर्वत्र चालते, पण त्याची किल्ली पेटीच्या आत ठेवलेली आहे.

तेव्हा आबेल यांनी नाकारले ते काय? त्यांनी एका विशिष्ट घडणीची कसोटी नाकारली : श्रेढी पाहण्याआधीच ठरवून ठेवलेल्या एकाच मोजपट्टीने न-व्या पदाचे माप घेणारी. कुम्मर यांची कसोटी या नकारातून सुटते, कारण तेथे मोजपट्टी श्रेढीगणिक बदलता येते. कोशी निकष सुटतो, कारण तो एका पदाकडे पाहतच नाही. 'सार्वत्रिक कसोटी नाही' हे विधान, कसोटी म्हणजे काय हे आधी सांगितल्याशिवाय, अर्थहीन ठरते. हा भेद पुसला गेल्याने आबेल यांच्या प्रमेयाचे एका म्हणीत रूपांतर झाले आहे आणि म्हणीला सिद्धता लागत नाही, म्हणून सिद्धताही वर्गातून गेली.

सीमारेषेचा शोध पुढे चालू राहिला

आबेल यांच्या नकारात एक उणीव राहिली होती. एक मोजपट्टी पुरत नाही हे ठीक. पण मोजपट्ट्यांचा अनंत संच घेतला तर? न, न·लॉग न, न·लॉग न·लॉग लॉग न, … अशी पूर्ण रांग घेऊन ज्या श्रेढीला पहिली पट्टी पुरत नाही तिला दुसरी, दुसरी पुरत नाही तिला तिसरी लावता येईल. डी मॉर्गन आणि बर्ट्रां यांचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील काम याच दिशेचे होते आणि पाठ्यपुस्तकातील लॉगॅरिदम कसोट्या तेथूनच येतात.

या आशेचा निकाल पॉल द्यू ब्वा-रेमों यांनी १८७३ च्या सुमारास लावला. वाढीच्या दरांची कोणतीही रांग घ्या, तिच्यातील प्रत्येकाहून वेगाने किंवा संथपणे वाढणारे फलन नेहमी रचता येते. त्यामुळे लॉगॅरिदमच्या संपूर्ण रांगेला दाद न देणाऱ्या श्रेढी असतातच. अभिसरणाच्या बाजूचे अर्धे काम उलिसे दिनी यांनी १८६७ मध्येच केले होते. शेष श(न) = प(न+१) + प(न+२) + … असा घ्या; अभिसारी श्रेढीच्या प्रत्येक पदाला श(न–१) च्या वर्गमुळाने भागले, तरी नवी श्रेढी अभिसारीच राहते, कारण नवे पद श(न–१) व श(न) यांच्या वर्गमुळांतील फरकाच्या दुपटीहून मोठे होऊ शकत नाही. म्हणजे सर्वांत संथ अभिसारी श्रेढीही नाही. दोन्ही बाजूंनी जमीन कितीही जवळ जाऊन पाहिली, तरी मध्ये कुंपण सापडत नाही. आल्फ्रेड प्रिंग्सहाइम यांनी १८९० च्या 'मॅथेमाटिश आनालेन'मधील प्रदीर्घ निबंधात हा सर्व विषय पद्धतशीर रचला आणि कोनराड क्नॉप यांच्या अनंत श्रेढींवरील १९२२ च्या जर्मन ग्रंथात तो अध्यापनयोग्य रूपात आला. क्नॉप यांचे पुस्तक या बाबतीत अद्याप आदर्श वाटते : ते कसोट्या देते आणि त्या कोठे थांबतात व का थांबतात, हेही तेवढ्याच आस्थेने सांगते.

वॉल्टर रूडिन यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनॅलिसिस' (१९५३) या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पुस्तकात अभिसरण व अपसरण यांच्यामधील 'सीमारेषा' ही कल्पनाच संदिग्ध असल्याचा इशारा आहे, पण त्याची सिद्धता तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी सराव-प्रश्न ११ व १२ मध्ये ठेवली आहे. रूडिन यांच्या शैलीला हे साजेसे आहे. पण सराव-प्रश्न म्हणजे वेळ उरला तर करायची गोष्ट, असे मानणाऱ्या आपल्या अध्यापनव्यवहारात त्याचा परिणाम असा होतो की, विषयातील सर्वांत महत्त्वाचे विधान कोणी वाचतच नाही. आपल्याकडील, प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या पाठ्यपुस्तकांत तर तो इशाराही नाही. एक विनोद मात्र त्यांत नियमाने आढळतो : आबेल हे नाव अभ्यासक्रमात येते ते 'आबेल यांची कसोटी' या शीर्षकाखाली. ती कसोटी निराळी, दोन क्रमिकांच्या गुणाकाराच्या श्रेढीची आहे व तिचे मूळ १८२६ च्या निबंधात आहे. ज्या गणितज्ञाने कसोट्यांची मर्यादा सांगितली तो विद्यार्थ्याला आणखी एका कसोटीचा कर्ता म्हणूनच भेटतो.

मराठीतील 'कसोटी' या शब्दानेही थोडी दिशाभूल होते. सोनाराच्या कसोटीवर घासलेल्या सोन्याचा कस कमी की जास्त, एवढे तरी कळतेच. 'या सोन्याविषयी हा दगड काहीच सांगत नाही' असे तिसरे उत्तर तेथे संभवत नाही. श्रेढीच्या कसोट्यांत हे तिसरे उत्तर मध्यवर्ती आहे आणि विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. गुणोत्तराची सीमा १ आली, म्हणून श्रेढी अपसारी, असे लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका तपासल्या नाहीत असा शिक्षक विरळाच असेल. हा विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा मानून गुण कापले जातात. कसोटी म्हटले की निकाल लागलाच पाहिजे, ही आपणच दिलेली शिकवण तो पाळत असतो, इकडे लक्ष जात नाही.

संगणकाची साक्ष

आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताशी संगणक असल्यामुळे नवी समजूत रुजत आहे की, पुरेशी पदे मिळवून पाहिली की श्रेढीचा कल कळतो. ही समजूत पहिल्या समजुतीपेक्षा अधिक धोक्याची आहे. हरात्मक श्रेढीची बेरीज १०० च्या पलीकडे नेण्यासाठी सुमारे १.५ गुणिले १० चा ४३ वा घात इतकी पदे लागतात. हे तरी अनेकांना ठाऊक असते. आबेल यांच्या १/(न·लॉग न) या श्रेढीत (न = २ पासून) दहा लाखाव्या पदापर्यंतची बेरीज सुमारे ३.४२ आहे आणि शंभर कोटीव्या पदापर्यंतची सुमारे ३.८३. ती ५ च्या पुढे जाण्यासाठी १० च्या २९ व्या घाताहून अधिक पदे लागतात. १० च्या पुढे जाण्यासाठी लागणारी पदसंख्या लिहायला चार हजारांहून अधिक अंक लागतील. आता तिच्या शेजारी १/(न·(लॉग न)²) ही श्रेढी ठेवा. ही अभिसारी आहे व तिची बेरीज सुमारे २.११ आहे. दहा लाखाव्या पदापर्यंत ती २.०४ आणि शंभर कोटीव्या पदापर्यंत २.०६ असते, शेष ०.०१ पेक्षा कमी व्हायला साधारण १० च्या ४३ व्या घाताइतकी पदे हवीत. पडद्यावर दोन्ही आलेख जवळजवळ आडवे झालेले दिसतात. एक थांबणार आहे आणि दुसरा कधीही थांबणार नाही, हे आलेख पाहून सांगता येत नाही. ते आबेल यांच्या त्या एका असमतेनेच कळते.

संगणकाच्या बाजूने आणखी एक नकार आहे आणि तो आबेल यांच्या नकाराहून व्यापक आहे. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली दाखविले की, दिलेले गणनयंत्र कधीतरी थांबेल की नाही हे ठरविणारी सर्वसामान्य रीती असू शकत नाही. कोणतेही यंत्र घ्या; न-व्या टप्प्यापर्यंत ते थांबले नसेल तर प(न) = १, थांबले असेल तर ०, अशी श्रेढी रचा. यंत्र थांबत असेल तरच ही श्रेढी अभिसारी. म्हणजे पदे काढण्याचा नियम हाती असूनही अभिसरण ठरविणारी यांत्रिक रीती सर्व श्रेढींसाठी असणे अशक्य आहे. येथे 'सार्वत्रिक कसोटी नाही' हे वाक्य प्रथमच अक्षरशः खरे ठरते, कारण कसोटी म्हणजे काय हे येथे आधी सांगितलेले आहे. वरच्या टीकेतील मुद्दा हाच होता.

एवढ्या कृत्रिम श्रेढींपर्यंत जाण्याचीही गरज नाही. न-वे पद १/(न³·साइन² न) असलेली श्रेढी कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल अशी आहे. न³ मुळे पदे झपाट्याने लहान होतात, पण न ही संख्या पाय च्या एखाद्या पटीच्या फार जवळ आली की साइन न शून्यालगत जाते आणि पद एकदम मोठे होते. पाय चे ३५५/११३ हे परिचित आसन्नमूल्य येथे आपला प्रताप दाखविते : एकट्या ३५५ व्या पदाने बेरजेत सुमारे २४.६ इतकी भर पडते, आणि त्याआधीची सर्व ३५४ पदे मिळून ५ सुद्धा होत नाहीत. अशी पदे पुढे पुन्हा पुन्हा येतात का आणि किती मोठी, हा प्रश्न पाय ला परिमेय संख्या किती जवळून गाठू शकतात याच्याशी जोडलेला आहे. मॅक्स अलेक्सेयेव यांनी २०११ साली दाखविले की, ही श्रेढी अभिसारी असेल तर पाय चे अपरिमेयता-माप ५/२ हून अधिक असू शकत नाही. त्या मापाची सिद्ध झालेली वरची मर्यादा झाइलबर्गर व झुडिलिन यांनी २०२० साली ७.१०३२… पर्यंत खाली आणली आहे. ७.१ आणि २.५ यांच्यामधील अंतर कापले गेलेले नाही आणि श्रेढी अभिसारी आहे की अपसारी याचे सर्वमान्य उत्तरही मिळालेले नाही. अभ्यासक्रमातील कोणतीही कसोटी तिला लावून पाहावी. वर्गात हे करून पाहण्यास एक तासिका पुरते.